रासायनिक शस्त्रबंदीचे राष्ट्रीय प्राधिकरण नेमके काय करते?

एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळणाऱ्या वाचकांनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. भारताने आपला रासायनिक शस्त्रसाठा २००९ सालीच नष्ट केला, तर दिल्लीतील राष्ट्रीय प्राधिकरण आजही आमच्यासारख्यांकडून दरवर्षी घोषणापत्र का मागते? हेगहून, म्हणजे रासायनिक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडून, तपासणी पथक आले, तर या प्राधिकरणाकडे आमचा पाठीराखा म्हणून पाहायचे की तपासनीस म्हणून? आणि वर्षाला सुमारे १८० टन सेंद्रिय रसायन बनवणाऱ्या व ट्रायइथेनॉलअमीन विकत घेऊन वापरणाऱ्या कारखान्याला यातले नक्की काय लागू होते? मी वीसेक वर्षे कारखान्यांच्या बाजूने ही घोषणापत्रे भरली आहेत आणि काही तपासण्यांना हजर राहिलो आहे. त्या अनुभवावरून, आणि रासायनिक शस्त्र करारात व भारतीय कायद्यात जे लिहिले आहे त्याला धरून उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नातच एक समजूत दडलेली आहे, ती आधी दूर केली पाहिजे. निःशस्त्रीकरण म्हणजे असलेली शस्त्रे नष्ट करणे आणि ते झाले की खाते बंद करणे, असे आपण धरून चालतो. रासायनिक शस्त्रांच्या बाबतीत नष्ट करणे हा कामाचा लहान आणि संपणारा भाग असतो. ‘आमच्याकडे शस्त्रे नाहीत आणि आम्ही ती बनवत नाही’ हे दरवर्षी, परक्या माणसांना पटेल अशा कागदांनिशी दाखवत राहणे हा मोठा आणि न संपणारा भाग. असलेली वस्तू दाखवता येते. नसलेली वस्तू दाखवायची तर सगळे घर उघडावे लागते. ते कोणासमोर, किती आणि कोणत्या नियमाने उघडायचे हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे राष्ट्रीय प्राधिकरण.

रासायनिक शस्त्र करार १३ जानेवारी १९९३ रोजी पॅरिस येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि भारताने दुसऱ्याच दिवशी त्यावर सही केली. ३ सप्टेंबर १९९६ रोजी भारताने त्याला अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची औपचारिक मान्यता, दिले आणि २९ एप्रिल १९९७ रोजी करार जगभर अमलात आला. कराराच्या सातव्या अनुच्छेदानुसार प्रत्येक सदस्य देशाने एक राष्ट्रीय प्राधिकरण नेमायचे असते. हेग येथील रासायनिक शस्त्र प्रतिबंध संघटनेशी (ओपीसीडब्ल्यू) आणि इतर सदस्य देशांशी संपर्काचे ते अधिकृत केंद्र. भारताने मंत्रिमंडळाच्या ठरावाने ५ मे १९९७ रोजी, म्हणजे करार लागू झाल्यावर आठवडाभरातच, हे प्राधिकरण स्थापन केले. ते मंत्रिमंडळ सचिवालयाखाली ठेवण्यात आले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते रसायन खात्याकडे दिले असते, तर उद्योगाची वाढ पाहणारे आणि उद्योगावर नजर ठेवणारे एकच झाले असते. संरक्षण खात्याकडे दिले असते, तर ज्यांच्याकडे साठा होता त्यांनीच साठ्याची ग्वाही द्यायची, असा प्रकार झाला असता. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील सुकाणू समितीत परराष्ट्र, संरक्षण, संरक्षण संशोधन आणि रसायन या सगळ्यांचे सचिव बसतात, आणि प्राधिकरण त्यांच्यापैकी कोणा एकाचे नसते.

शस्त्रनियंत्रणाचे काम कोणत्या छपराखाली ठेवावे हा वाद जुना आहे. अमेरिकेने १९६१ साली केनेडी यांच्या कारकिर्दीत शस्त्रनियंत्रण व निःशस्त्रीकरण यांसाठी एक स्वतंत्र संस्थाच उभारली होती. १ एप्रिल १९९९ रोजी ती परराष्ट्र खात्यात विलीन करण्यात आली. स्वतंत्र संस्थेला स्वतःचा आवाज असतो, पण मोठ्या खात्यांच्या बैठकीत तिचे वजन कमी पडते. मोठ्या खात्यात गेले की वजन मिळते आणि आवाज बुजतो. भारतीय रचना या दोहोंच्या मधली आहे. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. निःशस्त्रीकरणाचे धोरण, म्हणजे कोणत्या परिषदेत भारताने काय भूमिका घ्यायची हे, परराष्ट्र मंत्रालयाचा निःशस्त्रीकरण व आंतरराष्ट्रीय सुरक्षा विभाग पाहतो. राष्ट्रीय प्राधिकरण धोरण ठरवत नाही. स्वीकारलेल्या शब्दाची अंमलबजावणी करते. अण्वस्त्रांशी त्याचा संबंध नाही, आणि जैविक शस्त्रांचा करार १९७५ पासून लागू असला तरी त्याला पडताळणीची यंत्रणाच नसल्यामुळे तिथे अशा प्रकारचे रोजचे काम उभेच राहिलेले नाही.

आता साठ्याविषयी. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी रासायनिक शस्त्रे कधीही विकसित करणार नाही, बनवणार नाही वा मिळवणार नाही, अशी संयुक्त घोषणा केली होती. त्यानंतर पाच वर्षांनी, जून १९९७ मध्ये, भारताने करारानुसार केलेल्या पहिल्या घोषणेत आपल्याकडे रासायनिक शस्त्रे असल्याचे सांगितले. हा साठा सुमारे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड या दाहक विषाचा होता. अवघडल्यासारखी वेळ होती खरी. पण माझ्या मते पुढच्या सगळ्या विश्वासाचा पाया तिथेच पडला, कारण कराराची रचनाच अशी आहे की आधी काय होते यापेक्षा ते स्वतःहून सांगितले का, आणि सांगितले तेवढेच सापडले का, याला अधिक मोल आहे. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीखाली हा साठा टप्प्याटप्प्याने नष्ट होत गेला. मूळ मुदत २००७ ची होती, ती २८ एप्रिल २००९ पर्यंत वाढवून घेतली गेली आणि त्या मुदतीत काम पुरे झाले. अल्बेनिया आणि दक्षिण कोरिया यांच्यानंतर घोषित साठा संपूर्ण नष्ट करणारा भारत हा तिसरा देश ठरला. सर्व सदस्य देशांनी मिळून घोषित केलेला साठा ७२ हजार टनांहून अधिक होता; त्यातला अखेरचा भाग अमेरिकेतील केंटकी राज्यात ७ जुलै २०२३ रोजी नष्ट झाला. म्हणजे घोषित साठ्यांचा अध्याय आता मिटला आहे, आणि हेगच्या संघटनेचे लक्ष पूर्वीपेक्षा अधिक आपल्यासारख्या कारखान्यांकडे वळले आहे.

कारखान्यांकडेच का, हे समजण्यासाठी एक रसायन जवळून पाहावे. थायोडायग्लायकॉल हा दाट, जवळजवळ रंगहीन द्रव. शाईत, कापडाच्या रंगाईछपाईत आणि काही वंगणांत विद्रावक म्हणून तो निमूटपणे काम करतो. ड्रमवर लावलेल्या कागदावर त्याचे नाव असते, बॅच क्रमांक असतो, आणि गोदामातला माणूस तो इतर पन्नास ड्रमांबरोबर उभा करून ठेवतो. या द्रवावर क्लोरीन देणाऱ्या सोप्या अभिकारकाची एक प्रक्रिया केली की सल्फर मस्टर्ड तयार होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांची कातडी आणि फुप्फुसे जाळणारा आणि १९८० च्या दशकात इराकने वापरलेला, तोच. शाईचा कारखाना आणि शस्त्राचा कारखाना यांत अंतर एवढेच. म्हणून कराराने रसायनांच्या तीन अनुसूची केल्या. पहिलीत प्रत्यक्ष शस्त्रे आणि त्यांचे अगदी शेवटच्या टप्प्यावरचे पूर्वद्रव्य, म्हणजे ज्यापासून शस्त्र बनते ते रसायन. त्यांचा शांततामय उपयोग जवळपास नाही, आणि संशोधन, वैद्यक वा संरक्षणासाठीही एका देशाकडे कोणत्याही वेळी एकूण एक टनाहून अधिक असता कामा नये. दुसरीत थायोडायग्लायकॉलसारखी, मोठ्या प्रमाणावर न बनणारी पण धोक्याची पूर्वद्रव्ये. तिसरीत फॉस्जीन, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, थायोनिल क्लोराइड, ट्रायइथेनॉलअमीन यांच्यासारखी, ज्यांच्याविना आधुनिक रसायन उद्योग चालणारच नाही अशी द्रव्ये. यांच्या बाहेर उरलेली असंख्य सेंद्रिय रसायने ‘स्वतंत्र सेंद्रिय रसायने’ या चौथ्या, अनुसूची नसलेल्या गटात येतात.

इथे नव्या माणसाची हमखास फसगत होते. यादीत नाव नाही म्हणजे करार लागू नाही, असे तो समजतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे पहिला मोठा वायुहल्ला झाला तो क्लोरीनचा, आणि क्लोरीन कोणत्याच अनुसूचीत नाही. सीरियातील डूमा येथे २०१८ साली झालेल्या हल्ल्यातही क्लोरीनच वापरला गेला होता, असा निष्कर्ष हेगच्या संघटनेच्या तपास पथकाने २०२३ साली काढला. कराराची व्याख्या हेतूवर उभी आहे: कोणतेही विषारी रसायन, करारात मान्य नसलेल्या हेतूसाठी असेल, तर ते रासायनिक शस्त्र. उलट बाजूही तितकीच खरी आहे. भोपाळमध्ये १९८४ साली हजारो माणसांचे प्राण घेणारा मिथाइल आयसोसायनेट तिथे रासायनिक शस्त्र ठरत नाही, कारण ती औद्योगिक दुर्घटना होती. कारखान्याची सुरक्षितता, प्रदूषण, कामगारांचे आरोग्य यांसाठी वेगळी खाती आणि वेगळे कायदे आहेत. राष्ट्रीय प्राधिकरणाचे पत्र आले की अनेक व्यवस्थापक प्रदूषण मंडळाची फाइल काढून बसतात. त्या फाइलचा इथे फारसा उपयोग नसतो.

या सगळ्याला देशांतर्गत बळ देणारा रासायनिक शस्त्र करार कायदा २००० साली संसदेने केला आणि तो १ जुलै २००५ पासून अमलात आला. करारावर सही देशाने केलेली असते. कारखाना खासगी असतो आणि त्याने कशावरही सही केलेली नसते. आंतरराष्ट्रीय वचन खासगी गेटच्या आत नेणारा दुवा म्हणजे हा कायदा. रासायनिक शस्त्र बनवणे वा बाळगणे यासाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा त्यात आहे. त्याचबरोबर माहिती देणे, नोंदणी करणे आणि तपासणी होऊ देणे ही कर्तव्येही त्याने कारखान्यांवर टाकली आहेत. ‘आम्ही काही गैर करत नाही, मग माहिती कशाला द्यायची’ या युक्तिवादाला कायद्यात जागा नाही. माहिती न देणे हीच स्वतंत्र चूक आहे.

घोषणापत्रांकडे वळतो, कारण प्राधिकरणाचे वर्षभराचे खरे काम तिथे आहे. दुसऱ्या अनुसूचीतील बहुतेक पूर्वद्रव्यांसाठी वर्षाला एक टन ही उंबरठ्याची मर्यादा. तिथे उत्पादन, प्रक्रिया आणि वापर या तिन्ही गोष्टी मोजल्या जातात. काही अधिक विषारी द्रव्यांसाठी मर्यादा १०० किलो, तर बीझेड या एका द्रव्यासाठी अवघी एक किलो. तिसऱ्या अनुसूचीत फक्त उत्पादन मोजले जाते आणि मर्यादा ३० टन. अनुसूचीबाहेरच्या सेंद्रिय रसायनांसाठी सर्व उत्पादनांची मिळून बेरीज २०० टनांवर गेली की घोषणा करावी लागते. त्यांतले एखादे रसायन फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असलेले असेल आणि एखाद्या प्लांटमध्ये ते ३० टनांहून अधिक बनले असेल, तरीही. केवळ हायड्रोकार्बन किंवा केवळ स्फोटके बनवणाऱ्या जागा यातून वगळल्या आहेत. मागील वर्षाची घोषणा देशाने ३१ मार्चपर्यंत हेगला पोहोचवायची असते आणि दुसऱ्या व तिसऱ्या अनुसूचीसाठी पुढील वर्षाचा अंदाज ते वर्ष सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा असतो. त्यामुळे प्राधिकरण रसायन व पेट्रोरसायन विभागाच्या साहाय्याने कारखान्यांकडून हे आकडे बरेच आधी मागते. ती घाई त्यांची लहर नसते.

चुका कुठे होतात ते एका प्रसंगावरून सांगतो. मी सल्ला देत असलेल्या एका कारखान्यात, नाव सांगत नाही, फॉस्फरस असलेले एक मध्यवर्ती रसायन बनत असे. लेखा विभागाने घोषणेसाठी विक्रीचा आकडा पाठवला: २६ टन. मर्यादा ३० टनांची, म्हणून फाइलवर ‘लागू नाही’ असा शेरा बसला. मी एका दुपारी शेडमध्ये सहज फिरत होतो, तेव्हा त्याच रसायनाचे निळे ड्रम ट्रॉलीवरून शेजारच्या शेडकडे जाताना दिसले. लॉगबुक काढून पाहिले, तर जवळपास १९ टन माल ड्रमांत भरून कारखान्याच्याच दुसऱ्या उत्पादनात वापरला गेला होता. तो विकला गेला नाही म्हणून विक्रीच्या नोंदीत नव्हता. पण बनला होता, वेगळा काढला होता आणि ड्रमांत भरला होता. घोषणा बनण्याची असते, विकण्याची नसते. आम्ही प्राधिकरणाला पत्र लिहून दुरुस्ती कळवली. वर्ष उलटून गेले होते, त्यामुळे काही अवघड प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. तरीही माझा अनुभव असा की स्वतःहून कळवलेली चूक आणि तपासणीत सापडलेली चूक या दोहोंना तिथे एकच वागणूक मिळत नाही.

‘कारखान्याची जागा’ कशाला म्हणायचे हाही वरकरणी किरकोळ वाटणारा, पण डोके खाणारा प्रश्न आहे. औद्योगिक वसाहतीत एकाच कंपनीचे दोन भूखंड असतात, मध्ये रस्ता असतो, पण वाफ, सांडपाणी आणि व्यवस्थापन एकच असते. ही एक जागा धरली तर दोन्हींची बेरीज २०० टनांवर जाते. दोन धरल्या तर कदाचित जात नाही. कराराच्या भाषेत स्थानिक एकत्रीकरण आणि समान कार्यकारी नियंत्रण या कसोट्या आहेत. आपल्या सोयीने निवड करू नये. शंका असेल तर प्राधिकरणाला आधी लेखी विचारावे, म्हणजे पुढे निरीक्षक नकाशा हातात घेऊन उभे राहिले की उत्तर तयार असते.

कारखान्यात बसून कधीच दिसत नाही असे प्राधिकरणाचे एक काम म्हणजे आयात-निर्यातीचा ताळमेळ. एखाद्या देशाने हेगला सांगितले की आम्ही भारताला तिसऱ्या अनुसूचीतील अमुक इतके रसायन पाठवले, आणि भारताने सांगितलेला आयातीचा आकडा त्याहून बराच कमी असला, तर मधला माल गेला कुठे, असा प्रश्न उभा राहतो. बहुतेक वेळा उत्तर अगदी साधे निघते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जहाजावर चढलेला माल त्यांच्या हिशेबात एका वर्षी आणि आपल्या हिशेबात पुढच्या वर्षी पडलेला असतो. कधी मिश्रणातली टक्केवारी दोघांनी वेगळी धरलेली असते, कधी माल व्यापारी नावाने आल्यामुळे आयातदाराला आपण अनुसूचीतले रसायन घेतो आहोत हेच ठाऊक नसते. पण दहातल्या नऊ फरकांचे कारण साधे आहे हे शोधल्याशिवाय दहाव्याचे कारण साधे नाही हे कळणार कसे? कस्टमच्या नोंदी, निर्यात परवाने आणि कारखान्यांच्या घोषणा या तिन्ही एका टेबलावर येण्याची जागा ही एवढीच. निर्यातीचा परवाना मात्र प्राधिकरण देत नाही. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ‘स्कोमेट’ या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या, यादीनुसार मिळतो. कराराबाहेरच्या देशांना दुसऱ्या अनुसूचीतील रसायने पाठवण्यास एप्रिल २००० पासून बंदी आहे, आणि तिसऱ्या अनुसूचीतील माल पाठवायचा तर अंतिम वापराचे प्रमाणपत्र लागते. आज १९३ देश सदस्य असल्यामुळे ही अडचण क्वचित येते. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान यांनी सहीच केलेली नाही, इस्रायलने सही करूनही अनुसमर्थन दिलेले नाही, एवढे निर्यात विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवले तरी पुरे.

आता तपासणी, म्हणजे आपला दुसरा प्रश्न. दुसऱ्या अनुसूचीच्या जागेसाठी पथक पोहोचण्याच्या किमान ४८ तास आधी सूचना मिळते आणि तपासणी ९६ तासांपर्यंत चालू शकते. तिसऱ्या अनुसूचीच्या आणि इतर सेंद्रिय रसायनांच्या जागेसाठी सूचना १२० तास आधी मिळते आणि तपासणी २४ तासांत आटोपते. सूचना हेगहून देशाला येते, कारखान्याला नाही. कारखान्याला ती प्राधिकरणाकडून कळते. भारतातील घोषित जागांची संख्या मोठी असल्यामुळे सर्वाधिक तपासण्या होणाऱ्या देशांत आपण मोडतो. त्यामुळे नाव आले म्हणजे कोणीतरी तक्रार केली असेल, असा तर्क काढू नये. इतर सेंद्रिय रसायनांच्या जागा मुख्यतः यादृच्छिक निवडीने येतात.

पथकाबरोबर प्राधिकरणाचे अधिकारी येतात. सुरुवातीच्या माहिती-सत्रासाठी कराराने कमाल तीन तास दिले आहेत. तेवढ्यात प्रक्रिया, नकाशा, सुरक्षा नियम आणि फिरण्याचा मार्ग एवढे सगळे सांगून व्हावे लागते. एका तपासणीत फिरताना निरीक्षक एका नव्या शेडसमोर थांबले. हातातल्या नकाशावर ती नव्हती. प्लांटचे प्रमुख गडबडले आणि ‘ते काही नाही, रिकामे आहे’ असे म्हणाले, जे खरे होते, पण अशा वेळी सर्वांत वाईट उत्तर तेच. बरोबरच्या भारतीय अधिकाऱ्यांनी शांतपणे दार उघडायला सांगितले. आत दोन काच-अस्तराचे रिअ‍ॅक्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते आणि त्यांना एकही पाइप जोडलेला नव्हता. निरीक्षकांनी नॉझलांची तोंडे बंद करणाऱ्या आंधळ्या फ्लँजा पाहिल्या, खरेदीची तारीख विचारली, वहीत टिपले आणि पुढे चालू लागले. पाच मिनिटांचा विषय होता. दार बंद राहिले असते, तर तो अहवालात गेला असता.

त्यानंतर दुपारी उलटा प्रसंग घडला. निरीक्षकांनी एका उत्प्रेरकाच्या कृतीचे तपशील आणि ग्राहकांची यादी मागितली. तेव्हा तेच अधिकारी म्हणाले की या प्रकारच्या जागेवर नोंदी दाखवणे हे यजमान देश आणि पथक यांच्या सहमतीने ठरते, आणि अनुसूची एकमधले काही इथे बनत नाही एवढे पाहण्यासाठी ग्राहकांच्या यादीची गरज नाही. पथकाने ते मान्य केले. पाठीराखा की तपासनीस, याचे माझे उत्तर या एका दिवसात आले आहे. ते कारखान्याचे वकील नसतात आणि कारखान्याविरुद्धचे फौजदारही नसतात. ते देशाच्या शब्दाची राखण करतात. खरे दाखवण्यात कारखाना कचरत असेल तर ते त्याला पुढे ढकलतात, आणि गरजेपेक्षा अधिक मागितले जात असेल तर मध्ये उभे राहतात. व्यापारी गुपिताची काळजी असेल तर ती पथक येण्यापूर्वी त्यांना सांगावी. पथकासमोर सांगितलेली गुपिते लपवाछपवीसारखी दिसतात.

या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. अनुसूचीबाहेरच्या जागा जगभर हजारोंनी आहेत आणि त्यांपैकी फारच थोड्या एका वर्षात तपासल्या जातात. लहान बहुउद्देशी प्लांट, जिथे एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये वर्षभरात दहा वेगवेगळी रसायने बनतात, ते तांत्रिकदृष्ट्या सर्वांत लक्ष देण्याजोगे असतात. आणि नेमके तिथेच घोषणापत्र भरणारा माणूस खरेदी, गुणवत्ता आणि वीजबिलही पाहत असतो. एखाद्या देशाविषयी ठाम संशय असेल तर बारा तासांच्या सूचनेवर ‘आव्हान तपासणी’ मागण्याची तरतूद करारात आहे. ती आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. याचा अर्थ करार यशस्वी आहे असा काही जण लावतात, तर काही जण म्हणतात की राजकीय किंमत फार मोठी आहे म्हणून कोणी हात घालत नाही. मला दुसरे कारण अधिक पटते. यादीही थांबून राहिलेली नाही. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे वापरल्या गेलेल्या नोव्हिचोक या मज्जासंस्थेवर घात करणाऱ्या विषांच्या गटातील द्रव्यांचा पहिल्या अनुसूचीत समावेश करण्याचे निर्णय २०१९ साली झाले आणि ते जून २०२० पासून लागू आहेत. जुनी छापील यादी भिंतीवर लावलेली असेल, तर ती उतरवावी.

लहान कारखान्यांसाठी खरी मदत उद्योग संघटनांकडून होते, हे अनुभवाने सांगतो. हे काम सदस्य कारखान्यांपर्यंत पोहोचवल्याबद्दल इंडियन केमिकल कौन्सिलला २०२४ साली हेगच्या संघटनेचा ‘ओपीसीडब्ल्यू–द हेग पुरस्कार’ मिळाला. रसायन उद्योगाच्या संस्थेला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. प्राधिकरणाला थेट पत्र लिहायला संकोच वाटत असेल, तर सुरुवात संघटनेच्या मदतकक्षापासून करावी.

राहिला आपला तिसरा प्रश्न. ट्रायइथेनॉलअमीन तिसऱ्या अनुसूचीत आहे, पण त्या अनुसूचीत कारखान्याची घोषणा उत्पादनासाठी असते, वापरासाठी नसते. आपण ते देशातल्या विक्रेत्याकडून घेऊन वापरत असाल, तर त्यासाठी स्वतंत्र घोषणा करावी लागणार नाही. मात्र आपण ते स्वतः आयात करत असाल, तर आयातीची माहिती देशाच्या एकूण आकड्यासाठी द्यावी लागते, आणि ते बिल कोणाच्या नावाने सुटते हे एकदा खरेदी विभागाकडून तपासून घ्या. आपल्या १८० टनांविषयी मला अधिक शंका आहे. तो आकडा एका उत्पादनाचा आहे की जागेवर बनणाऱ्या सर्व सेंद्रिय रसायनांचा मिळून, हे आपण लिहिलेले नाही. आणखी एक गोष्ट अशी की आपला लेखा विभाग तो आकडा बहुधा एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचा देत असणार. कराराचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. वाढत्या उत्पादनाच्या काळात या तीन महिन्यांच्या सरकण्यानेच बेरीज २०० टनांच्या पलीकडे गेलेली मी पाहिली आहे. तेव्हा बॅच रजिस्टरवरून १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी नवी बेरीज करा, त्यात स्वतःच्या वापरासाठी वेगळा काढलेला मालही धरा, आणि आकडा २०० टनांच्या पुढे गेला तर पुढच्या पत्राची वाट न पाहता प्राधिकरणाला कळवा.